गुगल अर्थ टाइमलॅप्स रिव्ह्यू: माणसं वाढली तेव्हा जमिनीचं काय झालं हे बघायचं असेल तर

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. फुकट आहे, वापरायला सोपं आहे, आणि लोकसंख्या आणि पर्यावरण या विषयावर शाळेपासून जेवढे निबंध आपण लिहिले आणि जेवढी भाषणं ऐकली त्या सगळ्यांपेक्षा यातला अर्धा तास जास्त शिकवून जातो. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण थोडक्यात सांगायचं तर हे टूल जे दाखवतं ते खरंच असतं, बघणारा त्यावरून जो अर्थ काढतो तो बऱ्याचदा भलताच असतो, आणि टूल त्याला कुठेच अडवत नाही.

ज्यांनी उघडलंच नाहीये त्यांच्यासाठी सांगते. गुगल अर्थचाच हा एक भाग आहे, पहिल्यांदा २०१३ ला आला, मग २०२१ ला मोठं अपडेट झालं आणि थ्रीडी झाला. त्या अपडेटच्या वेळी सॅटेलाइटचे २ कोटी ४० लाख फोटो वापरले होते, त्यातून ढगबिग काढून टाकून प्रत्येक वर्षाची एक स्वच्छ फ्रेम बनवली, आणि या फ्रेम १९८४ पासून सुरू होतात. पृथ्वीवर कुठेही जा, प्ले दाबा, साडेतीन-चार दशकं काही सेकंदांत समोरून सरकतात. बस, एवढंच आहे, यापेक्षा जास्त शिकायला काही नाही.

१९८४ च का, तर त्या वर्षी मार्चमधे अमेरिकेचा लँडसॅट ५ अवकाशात गेला. तीन वर्षांसाठी बनवलेला सॅटेलाइट, चालला २०१३ पर्यंत, म्हणजे जवळपास २९ वर्षं (आणि आपला फोन तिसऱ्या वर्षी हँग व्हायला लागतो, असो). हे फोटो आधी विकत घ्यावे लागायचे, २००८ मधे अमेरिकेने सगळं लँडसॅट अर्काइव्ह फुकट खुलं केलं आणि म्हणून असलं काहीतरी बनवणं परवडलं, नाहीतर कोण कशाला एवढे लाखो फोटो विकत घेत बसणार होतं. पुढे २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ चे फोटो मिळाले, त्यामुळे शेवटच्या काही वर्षांच्या फ्रेम जरा जास्त खणखणीत दिसतात.

आता लोकसंख्येच्या हिशोबाने हे सुरुवातीचं वर्ष मस्त जमून आलंय. १९८४ ला जगात साधारण पावणेपाचशे कोटी माणसं होती. १५ नोव्हेंबर २०२२ ला युनोने ८०० कोटींचा आकडा जाहीर केला. म्हणजे तुम्ही प्ले दाबल्यापासून शेवटची फ्रेम येईपर्यंत तीनशे कोटींच्या वर माणसं वाढलेली असतात. आणि गंमत अशी की वाढीचा वेग याच काळात कमी होत आलाय, साठच्या दशकाच्या शेवटी वर्षाला २ टक्क्यांच्या वर होता तो आता १ टक्क्याच्याही खाली आहे, हे डोक्यात ठेवून फ्रेम बघा कारण पुढे ते लागणार आहे.

पहिल्यांदा उघडणारे सगळे शहरंच बघतात. मीही शेन्झेनपासूनच सांगते कारण त्याच्यासारखा दुसरा नमुना नाही, १९८० ला चीनने तिथे स्पेशल इकॉनॉमिक झोन काढला तेव्हा शेतं, मासेमारीची गावं असं सगळं होतं, २०२० च्या जनगणनेत तिथे पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं निघाली. टाइमलॅप्समधे हिरव्यावर करडा रंग चढत जातो, किनाराच पुढे सरकतो, खाडीत भर पडून तिथे सरळ रेषा उगवतात. बघताना तोंडातून आपोआप "बापरे" निघतं. आणि इथेच मेख आहे. राहण्याजोगी म्हणजे बर्फ आणि ओसाड वाळवंट सोडून जी जमीन उरते तिच्यातली शहरं आणि बांधकामं मिळून एक टक्क्याच्या आसपास भरतात. शेती आणि चराई मात्र जवळजवळ निम्मी जमीन खाते, आणि त्या शेतीच्या जमिनीतही दोन तृतीयांशाच्या आसपास नुसती कुरणं. टूलमधे २०२१ ला पाच थीम दिल्या होत्या, जंगलातले बदल, शहरांची वाढ, तापमानवाढ, ऊर्जेचे स्रोत आणि पृथ्वीचं नाजूक सौंदर्य. शेती नावाची थीमच नाही! ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त जमीन बदलली तिलाच वेगळा कप्पा नाही आणि सौंदर्याला आहे. डिझाइन करणाऱ्यांचं म्हणणं मी समजू शकते, शहर वाढताना बघायला भारी वाटतं आणि गव्हाचं शेत दरवर्षी तसंच दिसतं, पण मग बघणाऱ्याच्या डोक्यात "लोकसंख्या म्हणजे शहरं आणि गर्दी" हेच पक्कं होतं.

त्यामुळे शहरं एकदा बघून झाली की सरळ ब्राझीलमधलं रोंडोनिया शोधा. हे मी हळू स्पीडवर बघायला सांगेन. बीआर-३६४ नावाचा हायवे आहे, तो १९८४ लाच डांबरी झाला, त्यामुळे पहिल्या फ्रेममधे जंगलातून जाणारी एक रेघ आणि तिच्या आजूबाजूला थोडी ओरबाडलेली जागा एवढंच दिसतं. मग त्या रेघेला काटकोनात छोटे रस्ते फुटतात, ठरावीक अंतरावर, एकाला एक समांतर, आणि प्रत्येक छोट्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल थोडं थोडं मागे सरकतं. यालाच सगळे फिशबोन म्हणतात, माशाचा काटा. नव्वदच्या दशकात काटे जाड होतात, दोन हजारनंतर दोन काट्यांमधली हिरवी पट्टी बारीक होत होत बऱ्याच ठिकाणी नाहीशीच होते. मधेच एखादा मोठा हिरवा तुकडा सरळ कडांनी उभा राहिलेला दिसतो, तो बहुतेक वेळा आदिवासींचा राखीव प्रदेश किंवा संरक्षित जंगल असतं, झूम करून बघा, कड सुरीने कापल्यासारखी सरळ आहे.

आता हे लोकसंख्येमुळे झालं का? पहिल्या काही फ्रेमपुरतं हो म्हणता येईल. सरकारने दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांना इकडे आणून वसवलं, जमिनीचे तुकडे दिले, वर्ल्ड बँकेचा पैसा रस्त्याला आला, माणसं आली, जंगल तोडून पोटापुरतं पिकवू लागली. पण त्या मातीत दोन-चार वर्षांनी पीक नीट येईना, मग छोट्यांनी जमिनी विकल्या, मोठ्यांनी घेतल्या, गुरं सोडली. म्हणजे नंतरच्या फ्रेममधे काटे जाड होत जातात ते तिथे माणसं वाढली म्हणून कमी, गुरं वाढली म्हणून जास्त. वरून मात्र दोन्ही एकसारखंच दिसतं, हिरवं जाऊन तपकिरी येतं, झालं.

तिथून थोडं दक्षिणेला बोलिव्हियात सांताक्रूझच्या पूर्वेला जा. तिथे जंगलात गोल नक्षी उमटताना दिसेल, मधे वस्ती आणि तिथून चहूबाजूंना शेतांच्या फाका निघालेल्या. डोंगराळ पठारावरच्या लोकांना खाली सपाटीवर वसवायची योजना होती तिची ही खूण. आणि आजूबाजूला जे लांबलचक चौकोनी पट्टे येतात तिथे सोयाबीन. आता जगात पिकणाऱ्या सोयाबीनचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जनावरं-कोंबड्यांच्या खाद्यात जातो, माणसं ते थेट खातात तो वाटा अगदीच थोडा. म्हणजे बोलिव्हियातलं जंगल गेलं ते बऱ्याचदा कुठल्यातरी दुसऱ्याच देशातल्या ताटासाठी. टाइमलॅप्समधे ते ताट कुठेच दिसत नाही आणि दिसणारही नाही. या टूलवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे, जमीन कुठे गेली ते दाखवतं, कोणासाठी गेली ते नाही, आणि लोकसंख्येबद्दल बोलताना नेमकं तेच कळायला हवं असतं.

यासाठी माझी आवडती जोडी सांगते, ही मी कुठल्याही तयार टूरमधे बघितली नाही. एका टॅबमधे युगांडातलं बविंडी उघडा आणि दुसऱ्या टॅबमधे न्यूझीलंडमधलं तारानाकी. बविंडी म्हणजे पर्वतीय गोरिलांचं जंगल, जगात उरलेल्या हजारएक गोरिलांपैकी जवळजवळ निम्मे इथे आहेत, १९९१ ला नॅशनल पार्क झालं. हिरवागार तुकडा आणि त्याची कड संपली की लगेच छोटी छोटी शेतं, उतारावर अगदी वरपर्यंत, मधे एक झाडाचा पट्टासुद्धा नाही. तारानाकी म्हणजे ज्वालामुखीचा डोंगर, १८८१ मधे शिखरापासून ठरावीक अंतरापर्यंतचं जंगल राखीव केलं म्हणून वरून बघितलं तर हिरवं वर्तुळच दिसतं, त्याच्या बाहेर लगेच हिरवट-पिवळी कुरणं. दोन्हीकडे तीच कथा, जंगल संपतं तिथे कड आहे आणि कडेपलीकडे काही शिल्लक नाही.

पण बविंडीच्या कडेला शेती करणारी माणसं स्वतःसाठी पिकवतात. युगांडाची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत १ कोटी ६७ लाख होती, २०२४ ला साडेचार कोटींच्या वर गेली, एकेका घराची जमीन मुलांत वाटून तुकडे तुकडे झाली, उतारावरची माती वाहून चालली, इथे लोकसंख्येचा दाब अगदी सरळसरळ आहे आणि तो नाकारण्यात काही अर्थ नाही. आणि तारानाकीत? न्यूझीलंडमधे सगळी मिळून माणसं पन्नास लाखांच्या जरा वर. ती कुरणं दुधासाठी आहेत आणि दुधाचे बहुतेक पदार्थ देशाबाहेर विकले जातात. माणसं थोडी, तरी जंगल कडेपर्यंत साफ. सॅटेलाइटला दोन्ही कडा सेमच दिसतात. ज्याला कोणाला "माणसं कमी असती तर निसर्ग वाचला असता" असं छातीठोकपणे म्हणायचं असेल त्याने आधी हे दोन टॅब शेजारी ठेवून बघावेत, आणि "लोकसंख्येचा काही संबंध नाही, सगळा श्रीमंतांचा दोष" म्हणणाऱ्यानेही बघावेत.

मध्य आशियातल्या अरल समुद्राबद्दल सगळ्यांनीच ऐकलेलं असतं त्यामुळे लांबवत नाही. १९६० ला ६८ हजार चौरस किलोमीटर, जगातलं चौथ्या नंबरचं सरोवर, अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्या कापसाकडे वळवल्या आणि ते आटत गेलं, १९८७ ला दोन तुकडे झाले, २०१४ ला पूर्वेकडचा भाग आख्खा कोरडा पडला. टाइमलॅप्समधे हे बघताना अंगावर येतं, मुइनाक नावाचं बंदर होतं तिथून पाणी इतकं लांब गेलं की बोटी वाळूत उभ्या राहिल्या. पण एक गोष्ट चुकवू नका, उत्तरेकडचा छोटा तुकडा २००५ नंतर जरा फुगतो. तिथे कझाकस्तानने कोकअरल धरण बांधलं आणि पाणी अडलं, मासेमारी परत सुरू झाली. मध्य आशियात या काळात माणसं वाढतच होती, कमी झाली नव्हती.

आणि मग असल्या जागा बघा जिथे माणसं फारशी नाहीत किंवा मुळीच नाहीत. कॅनडातलं अथाबास्का, तेलवाळूच्या म्हणजे तेल मिसळलेल्या वाळूच्या खाणी, आजूबाजूला वस्ती अगदी विरळ, तरी जंगलाच्या जागी काळे खड्डे आणि त्यांच्या शेजारी गाळाचे प्रचंड तलाव पसरत जातात. अलास्कातली कोलंबिया हिमनदी, ती १९८० पासून २० किलोमीटरच्या वर मागे गेलीय, तिथे तर कोणाची वस्ती असण्याचा प्रश्नच नाही (या हिमनदीच्या मागे हटण्यात समुद्राची खोली, तळाचा उंचवटा असली तिची स्वतःचीही कारणं आहेत, सगळं बिल तापमानवाढीवर फाडू नका, पण ती सुद्धा आहेच).

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांत पॉल एर्लिक आणि जॉन होल्ड्रन एकीकडे आणि बॅरी कॉमनर दुसरीकडे असा जोरदार वाद झाला होता, त्यातून एक सूत्र पुढे आलं, पर्यावरणावरचा परिणाम म्हणजे लोकसंख्या गुणिले माणशी उपभोग गुणिले तंत्रज्ञान. एर्लिक लोकसंख्येवर जोर देत होते, कॉमनर म्हणत होते की महायुद्धानंतर जे तंत्रज्ञान आलं, कीटकनाशकं, डिटर्जंट, प्लास्टिक, खरा घोळ त्यात आहे. मला त्या सूत्रातली कामाची गोष्ट एकच वाटते, त्यात गुणाकार आहे, बेरीज नाही. अमेरिकेत माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला १४ टनांच्या आसपास जातो, युगांडात जेमतेम एका टनाचा दहावा भाग. म्हणजे दोन्हीकडे एकेक माणूस वाढला तर हवेच्या दृष्टीने ते "दोन माणसं वाढली" असं नसतंच. पण जंगलाच्या कडेच्या जमिनीच्या दृष्टीने बविंडीजवळचा माणूस वाढणं जास्त जाणवतं. कशाचं नुकसान मोजताय त्यावर उत्तर बदलतं, आणि हे वादात कोणी बोलतच नाही, सगळे एकच उत्तर घेऊन बसलेले.

या सगळ्यात ज्या एका जागेने मला हे टूल इतरांना दाखवताना जपून बोलायला लावलं ती म्हणजे अमेरिकेतलं लास वेगास शहर आणि त्याच्या शेजारचा लेक मीड हा धरणाचा तलाव. दोन्ही एकाच फ्रेममधे मावतात. डावीकडे शहर वाळवंटात पसरत जातं, उजवीकडे तलाव आक्रसत जातो, कडेला पांढरा पट्टा उघडा पडतो, २०२२ च्या उन्हाळ्यात तर तिसाच्या दशकात तो भरला गेला तेव्हापासूनची सगळ्यात खालची पातळी. कोणालाही दाखवा, दोन सेकंदांत निकाल, शहर पाणी प्यायलं. आता प्रत्यक्षात काय आहे, तर लेक मीड ज्या कोलोरॅडो नदीवर आहे तिच्या खालच्या खोऱ्यातल्या तीन राज्यांसाठी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभं राहील एवढं) पाणी वाटून दिलेलं, त्यात वेगास ज्या राज्यात आहे त्या आख्ख्या नेवाडाचा वाटा ३ लाख. चार टक्के. घरातल्या नळाचं आणि संडास-बाथरूमचं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून परत लेक मीडमधे सोडलं जातं, मुख्य खर्च बाहेरच्या हिरवळीचा, तर १९९९ पासून लोकांना लॉन उखडायचे पैसे देतायत. परिणाम असा की २००२ नंतर तिथे सात लाखांहून जास्त माणसं वाढली आणि नदीतून खर्च होणारं पाणी उलट कमी झालं. तलाव आटला तो दुष्काळामुळे, तापमान वाढल्यामुळे आणि नदीवर मुळातच तिच्या ऐपतीपेक्षा जास्त वाटे लिहून ठेवल्यामुळे, आणि सगळ्यात जास्त पाणी जातं शेतीला, त्यातही गुराढोरांच्या चाऱ्याला. पण चाऱ्याची शेतं फ्रेमच्या बाहेर आहेत ना! फ्रेममधे शहर आणि तलाव आहे, म्हणून शहर दोषी.

असल्या क्लिप कापून सोशल मीडियावर टाकणारी एक जमात आहे, नाव घेत नाही, खाली दुःखी म्युझिक आणि "माणूस हाच व्हायरस" असलं कॅप्शन. एका पेजवर मी कमेंटमधे हाच चार टक्क्यांचा हिशोब लिहिला तर ॲडमिनने कमेंट उडवली. बरं, व्हायरस म्हणणारे स्वतःला त्यात कधी धरत नाहीत, व्हायरस म्हणजे नेहमी दुसऱ्या देशातली गरीब, जास्त मुलं असलेली माणसं. श्रीमंत १० टक्के लोकांच्या वाट्याला जगातल्या उत्सर्जनाचा जवळजवळ निम्मा हिस्सा येतो आणि खालच्या अर्ध्या जगाच्या वाट्याला दहाव्या भागाच्या आसपास, हे त्या म्युझिकवर बसत नाही.

उलट्या दिशेची उदाहरणंही टूलमधे आहेत, फक्त ती शोधावी लागतात कारण जंगल परत येताना फार हळू येतं आणि व्हिडिओत ते मजेदार दिसत नाही. कोस्टारिका बघा. १९८४ च्या जनगणनेत तिथे २४ लाख माणसं होती आणि त्याच दशकात जंगल घटत घटत देशाच्या पाव भागाच्या आसपास आलेलं. आज माणसं दुपटीहून जास्त, पन्नास लाखांच्या वर, आणि जंगल निम्म्याहून जास्त भूभागावर. १९९६ मधे जंगलतोडीविरुद्ध कायदा केला, लगेच पुढच्या वर्षापासून झाडं राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली, मधल्या काळात गोमांसाचे भाव पडले म्हणून कुरणं सोडून दिलेली होती, त्याचाही हात लागला. टाइमलॅप्समधे ग्वानाकास्तेच्या बाजूला फिकट कुरणांवर हळूहळू गडद हिरवं चढताना दिसतं, पण लक्ष देऊन बघावं लागतं, एका झटक्यात "वा" म्हणण्यासारखं नाही. तसंच चीनमधलं लोएस पठार, १९९९ पासून उतारावरची शेती बंद करून झाडं-गवत लावायची मोठी योजना चालली, तेही वरून कळतं.

आता टूलला मुळातच जे जमत नाही ते. लँडसॅटचा एक पिक्सेल म्हणजे ३० मीटर गुणिले ३० मीटर जमीन, त्यामुळे जंगलातली निवडक मोठी झाडं कापून नेली आणि बाकी तसंच ठेवलं तर फ्रेममधे फारसा फरक पडत नाही. वर्षाला एकच फ्रेम, म्हणजे पूर येऊन गेला, आग लागून परत गवत आलं, असलं बरंच मधल्यामधे हरवतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जगाच्या काही भागांचे फोटोच कमी घेतले गेले त्यामुळे तिथे सुरुवातीच्या फ्रेम धूसर आहेत, तो बदल नव्हे, फोटो खराब आहे एवढंच, यावरून कोणी सिद्धांत मांडू नये.

जमिनीखालचं तर सोडाच. सौदी अरेबियात वादी सिरहानला वाळवंटात हिरवी वर्तुळं उगवताना दिसतात, एकेक करत शेकडो, फार सुंदर दिसतं खरंच. ते हजारो वर्षांपूर्वी साठलेलं भूजल उपसून केलेलं पीक आहे, जे पावसाने परत भरत नाही. २००८ मधे सरकारनेच ठरवलं की गव्हाचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करायचं कारण पाणी संपत चाललं. व्हिडिओत दिसतं ते फक्त हिरवं, पाण्याची पातळी खाली जाताना दिसायला कॅमेरा जमिनीत लावावा लागेल.

समुद्रातले मासे दिसत नाहीत. मातीतला आणि नद्यांतला नायट्रोजन दिसत नाही, आणि तो तर या विषयाचा गाभा आहे, हवेतल्या नायट्रोजनपासून कारखान्यात खत बनवायची पद्धत निघाली नसती तर आजच्या निम्म्या लोकसंख्येला अन्न पुरलं नसतं, आणि तेच खत वाहून समुद्रात गेलं की किनाऱ्याजवळचा ऑक्सिजन संपून मासे मरतात. जंगल आहे पण आत प्राणी नाहीत, हेही वरून कळत नाही. २०१८ ला शास्त्रज्ञांनी एक हिशोब मांडला होता, जगातल्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन धरलं तर त्यात ६० टक्के पाळीव जनावरं, ३६ टक्के आपण आणि हत्ती-हरणं-देवमाशांसकट सगळे जंगली मिळून ४ टक्के. माझ्या मते लोकसंख्येचा परिणाम सांगणारी यापेक्षा बोलकी ओळ नाही, आणि त्या ६० कडे परत बघा, माणसांपेक्षा माणसांनी पाळलेल्याचं वजन जास्त आहे.

आणखी एक गोष्ट सुटते ती म्हणजे घरं. माणसं वाढायचा वेग कमी झाला तरी बांधकाम कमी होताना दिसत नाही, कारण एका घरात पूर्वी सहाजण राहायचे तिथे आता तीन राहतात, मग तेवढ्याच माणसांना दुप्पट घरं, दुप्पट फ्रिज, जास्त रस्ते. जपानची लोकसंख्या गेली पंधरा-एक वर्षं कमी होतेय, तिथली शहरं टाइमलॅप्समधे लावून बघा, करडा रंग मागे हटतोय असं कुठे दिसलं तर मला सांगा. घरं ओस पडतात पण वरून छप्पर तसंच दिसतं. युनोचा २०२४ चा अंदाज असा आहे की जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात १०३० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरायला लागेल, साठच्या दशकात बाईमागे पाचच्या आसपास मुलं होती ती आता सव्वादोनवर आलीत, मुली शिकल्या, गर्भनिरोधकं हातात आली, लहान मुलं दगावायची कमी झाली, त्याचा हा परिणाम. चांगलीच गोष्ट आहे, पण माणसांचा आकडा उतरला की जमीन आपोआप सुटेल असं धरून बसलेल्यांनी हे जपानचं जरूर बघावं.

तर घ्यावं का, म्हणजे वापरावं का? हो, नक्की. शिकवणाऱ्यांना तर डोळे झाकून सांगेन, आठशेच्या वर तयार व्हिडिओ डाउनलोड करायला फुकट ठेवलेत, वर्गात नेट नसलं तरी चालतं. फक्त एकट्याने वापरू नका, बाजूच्या टॅबमधे युनोचे देशवार लोकसंख्येचे तक्ते उघडे ठेवा, तेही फुकट आहेत, आणि प्रत्येक जागेला आधी विचारा की इथे माणसं वाढली का, आणि इथे पिकतं किंवा निघतं ते जातं कुठे. मोठ्या स्क्रीनवरच बघा, फोनवर फिशबोनचे बारीक काटे दिसत नाहीत आणि मग रोंडोनिया म्हणजे नुसता तपकिरी डाग वाटतो. स्पीड सगळ्यात हळू ठेवा. आणि पोरांना दाखवणार असाल तर वेगास शेवटी ठेवा, आधी दाखवलंत तर पुढचं सगळं त्याच चष्म्यातून बघतील, तारानाकीपासून सुरू करा.